आवाज माझा आहे की हिचा?

स्वतःचा आवाज पहिल्यांदा नीट ऐकून खूश झालेला माणूस मी अजून पाहिलेला नाही. विरार स्टेशनच्या पूर्वेला माझं साउंडचं दुकान होतं. माइक घ्यायला आलेल्या गिऱ्हाइकाला मी चार वाक्यं बोलायला लावायचो आणि ती रेकॉर्ड करून हेडफोनवर ऐकवायचो. पुढचं सगळं ठरलेलं. चेहरा उतरायचा, डोळे मोठे व्हायचे. "हा मी? काय सांगता!" आणि मग लगेच, "शेठ, माइक डिफेक्टिव्ह आहे." एका बाईंनी तर हेडफोन असा काढून फेकला की मला वाटलं आत झुरळ होतं.

खरं तर माइकचा यात काही गुन्हा नसतो. आपण बोलतो तेव्हा आपला आवाज आपल्याला दोन वाटांनी ऐकू येतो. एक बाहेरून, हवेतून कानात. दुसरी आतून, जबड्याच्या आणि कवटीच्या हाडांतून. आतून येणारा आवाज भरदार असतो, घुमतो. पण तो फक्त आपल्यालाच ऐकू येतो. बायकोला, पोरांना, शेजाऱ्याला, सगळ्या जगाला ऐकू येतो तो बाहेरचा, आणि माइकही तोच पकडतो. म्हणजे जन्मभर आपण ज्याला 'माझा आवाज' म्हणतो, तो दुसऱ्या कोणी ऐकलेलाच नसतो! हे मला कळलं तेव्हा मी दुकानात सुन्न बसून राहिलो होतो. माझा स्वतःचा आवाज तर नाकात कापूस घातल्यासारखा निघाला होता. बायको म्हणाली, "मग? तुम्ही असेच बोलता."

माझा मूळ धंदा ढणढणाटाचा. गणपती, हळदी, लग्नं, मैदानावरचे सामने. ॲम्प्लिफायर दुरुस्त करायचे, भोंगे बांधायचे. नव्वद सालाच्या आसपास हे जोरात होतं. मग दहाएक वर्षांत घरोघरी कॉम्प्युटर आले आणि ज्याला त्याला घरातच स्टुडिओ हवा झाला. एक बेडरूम, एक कॉम्प्युटर, एक छोटा मिक्सर, आणि एक माइक. तो माइक म्हणजे कंडेन्सरच पाहिजे, कारण कोणीतरी सांगितलेलं असायचं की मोठ्या स्टुडिओत तोच असतो.

कंडेन्सर हे लाडावलेलं प्रकरण. स्टेजवरचा साधा, गोळ्याचा माइक हातातून पडला तरी उचलून गाणं पुढे चालू. कंडेन्सरच्या आत मात्र कांद्याच्या पापुद्र्यासारखा पातळ पडदा असतो, त्यावर सोन्याचा मुलामा. त्याला मिक्सरमधून वीज द्यावी लागते. जरा श्वास सोडला तरी तो पडदा हलतो, म्हणून त्याला सगळं ऐकू येतं. त्याला धूळ चालत नाही, फुंकर चालत नाही, ओल तर अजिबात चालत नाही. आणि मी तो विकत होतो कुठे, तर आमच्या किनारपट्टीत, जिथे बरणीतल्या मिठालाही पाणी सुटतं!

अर्नाळ्याचा एक ऑर्केस्ट्रात गाणारा गडी माइक घेऊन गेला आणि दुसऱ्याच दिवशी तणतणत परत आला. "शेठ, बहिरा माइक दिला तुम्ही. बोंबलून घसा सुकला, पानी पिऊन पिऊन पोट फुगलं, पन याला काय ऐकू येत नाय." म्हटलं, गातोस कसा ते दाखव. कंडेन्सर उभा लावतात आणि त्याच्या पोटाच्या बाजूनं, वीतभर लांबून गातात. हा पठ्ठ्या त्याच्या डोक्यावर ओठ टेकवून गात होता. मी माइक त्याच्यासमोर सरळ धरला, म्हटलं आता गा. गायला, ऐकलं, आणि हबकून म्हणाला, "अरे बाबा, पहिला बहिरा होता तेच बरं होतं."

आणि विरार पश्चिमेचे एक निवृत्त गृहस्थ. भावगीतं म्हणायचे. त्यांची तक्रार अशी की माइकमध्ये शेजारी येतात. मी म्हटलं, येतात म्हणजे काय? त्यांनी सीडी लावली. गाणं चालू होतं, आणि त्याच्या मागे भिंतीपलीकडची बाई शब्द न् शब्द स्पष्ट ऐकू येत होती. "हा म्हातारा रोज दुपारी रेकतो. सोसायटीत अर्ज द्या नाहीतर मी माहेरी जाते." गृहस्थ माझ्याकडे बघताहेत, मी काउंटरच्या काचेकडे बघतोय. मी कंडेन्सर परत घेतला आणि त्यांना साधा माइक दिला. घरात शांतता नसेल तर महागडा माइक घेऊन फक्त गोंगाटच महाग होतो, हे तेव्हापासून मी प्रत्येकाला आधी सांगू लागलो.

पण माइक निवडायचा कसा, हे मला ज्यानं शिकवलं आणि शिकवून पुन्हा उलटं पालटं केलं, ते भुईगावचं घर. ती गोष्ट आठवली की आजही माझं डोकं चालेनासं होतं.

दोन हजार सालानंतरचे दिवस. भाद्रपद संपत आला होता. विनय नावाचा तिशीतला मुलगा दुकानात आला. कुठल्याशा ऑफिसात नोकरी, बोलणं नेमकं. म्हणाला, "घरी रेकॉर्डिंग करायचंय. तुमच्याकडचा सगळ्यात चांगला कंडेन्सर द्या."

माझे नेहमीचे प्रश्न सुरू झाले. गाणं की बोलणं? बाई की पुरुष? खोली कशी आहे? घाई आहे का?

"वडील आहेत. नाना. भजन करतात. बोलतीलही." मग तो काउंटरवरच्या वायरीशी चाळा करत राहिला. "घाई आहे. त्यांच्या घशात गाठ निघाली. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी ॲडमिट करायचंय. डॉक्टर स्वरयंत्रच काढणार आहेत."

"काढणार म्हणजे?"

"म्हणजे जीव वाचेल. आवाज राहणार नाही."

जन्मभर मी आवाज मोठा करायचा धंदा केला. आवाज माणसातून काढून घेतात, ही गोष्टच माझ्या कधी डोक्यात आली नव्हती. मी त्याला सांगितलं, असा दुकानातून माइक नेऊ नकोस. मी तीन माइक घेऊन घरी येतो. तिथेच ऐकू आणि तिथेच ठरवू.

भुईगावला त्यांची वाडी होती. केळी, सुपारी, पानवेली. गल्ली एवढी अरुंद की माझी स्कूटर आणि मी, दोघंही कुंपणाला घासत आत गेलो. विनयनं मागची खोली तयार ठेवली होती. भिंतींना गाद्या टेकवलेल्या, खिडकीवर गोधड्या. नाना उंच, सडपातळ, गळ्यात मफलर. आवाज थोडा घोगरा झालेला, पण काय दमदार! "या माइकवाले," म्हणाले, "आलात आमचा आवाज पकडायला? पकडा, पळायच्या आत." आणि स्वतःच हसले. मला हसावं की नाही तेच कळेना.

तिन्ही माइक एकामागून एक लावले. नाना बोलले, गायले, आणि मग हेडफोन लावून ऐकू लागले. पहिला ऐकून तोंड वाकडं. "हा कोण चिरका?" दुसरा ऐकला आणि खुलले. तो माइक थोडा जाड होता. म्हणजे त्यातून खालचे सूर फुगून येतात आणि माणूस आहे त्याहून भरदार वाटतो. नाना म्हणाले, "हां! हा मी." तिसरा माइक सगळ्यात खरा. आवाज जसा आहे तसा उतरवणारा. तो ऐकला आणि नानांनी हेडफोन काढूनच ठेवला. "छे. पत्रा वाजवल्यासारखा. हा मी नव्हेच."

मी माझं नेहमीचं हाडांचं पुराण सुरू करणार, एवढ्यात काकी चहा घेऊन दारात आल्या. म्हणजे नानांच्या पत्नी. बुटक्या, कमी बोलणाऱ्या. मला काय सुचलं कोण जाणे, मी म्हटलं, "काकी, तुम्ही ऐकता का?"

त्यांनी हात पदराला पुसले आणि हेडफोन कानाला लावला. मी पहिला माइक ऐकवला. म्हणाल्या, "नाही." दुसरा, नानांच्या आवडीचा. "हे नाहीत. हे तर कोणी पाहुणे बोलतायत." तिसरा लावला. त्यात नानांचा एकच शब्द झाला असेल नसेल, आणि काकींनी डोळे मिटून घेतले. हात गळ्याशी गेला. नुसत्या एका शब्दावर!

"हेच," त्या म्हणाल्या. "हे हेच आहेत."

"अगं, तो आवाज माझा नाहीच!" नाना उसळले. "मी मला ओळखत नाही का? आवाज माझा आहे की हिचा?"

काकी शांतपणे म्हणाल्या, "नंतर ऐकायचाय कोणाला?"

नानांनी मफलर नीट केला आणि म्हणाले, "ठीक आहे. हिच्या मनासारखं करा."

त्या दिवसापासून माझा नियम ठरला. ज्याचा आवाज असेल त्याला माइक निवडू द्यायचा नाही. घरातल्या माणसाला ऐकवायचं. तिसरा माइक मी तिथेच ठेवला. उरलेले दोन परत आणले, आणि चाचणीचं रेकॉर्डिंग नेहमीसारखं पुसून टाकलं. रेकॉर्डिंग दसऱ्याला करायचं ठरलं, कारण चांगला दिवस, विनयला सुट्टी, आणि तोवर औषधांनी नानांचा घसाही जरा मोकळा होणार होता.

खंडेनवमीला दुपारी विनयचा फोन आला. "जरा येता का? माइक खरखर करतोय. मी अर्धी रजा टाकून आत्ताच आलो, सहज चालू करून बघितला तर..."

मी म्हटलं ओल धरली असेल, उन्हात नको, साध्या दिव्याखाली ठेव. तो म्हणाला, "तुम्ही याच."

गेलो. ओसरीवर पाट मांडलेला. त्यावर कोयता, कुदळ, पानं खुडायची नखी, पाण्याच्या पंपाचा पाना, नानांची पेटी, टाळ, तबला. सगळ्यांना झेंडूची फुलं, हळद, कुंकू. समोर धूप भरभरून जळतोय. आणि मधोमध, सगळ्यात उंच, नव्या रुमालावर उभा केलेला माझा कंडेन्सर! त्याच्या जाळीवर हळदीकुंकवाची अशी ठसठशीत बोटं, वर अक्षता, आणि डोक्यावर जास्वंदीचं फूल.

माझे डोळे पांढरे झाले. "अहो, काय केलंत हे!" मी एवढ्या मोठ्यानं ओरडलो की वाडीतले कावळे उडाले.

काकी घाबरून दाराला टेकल्या. "पूजा केली, भाऊ. उद्या त्याच्यावरच सगळं आहे. कोरडं कुंकू जाळीला लागेना, म्हणून पाण्यात कालवून लावलं."

पाण्यात कालवून! मी तिथेच मांडी ठोकून जाळी उघडली. सोनेरी पडद्यावर पिवळं आणि तांबडं पसरलं होतं. कडेला तांदळाचा एक दाणा अडकला होता. हा पडदा पुसता येत नाही हो. कापूस लावला तरी फाटतो. मी आधी रबरी फुग्यानं हलकी हवा मारून पाहिली, दिव्याखाली धरून पाहिलं. पुन्हा जोडला, वीज दिली. तव्यावर मोहरी तडतडते तसा आवाज. संपलं होतं सगळं.

आणि मी रागावणार कोणावर? त्याच सकाळी मी माझ्या दुकानात प्रत्येक ॲम्प्लिफायरला कुंकू लावून नारळ फोडला होता. लाकडी खोक्यांना कुंकवानं काय होतंय! आपल्याकडे जे पोटाला घालतं, जे कामाला येतं, त्याची या दिवशी पूजा करायची. काकींनी तेच केलं. किंबहुना सगळ्या वस्तूंत त्याला मानाची जागा दिली. त्याच्याइतकं महत्त्वाचं त्या घरात त्या दिवशी दुसरं काही नव्हतंच.

मी मुंबईच्या व्यापाऱ्याच्या घरी फोन लावला. तो म्हणाला, तसला माइक आता शिल्लक नाही, नवा माल दिवाळीनंतर. आणि उद्या तर बाजार बंदच. दुसऱ्या एका ओळखीच्या स्टुडिओवाल्याला विचारलं, तो गावाला गेलेला. फोन ठेवला तेव्हा सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते.

काकी रडल्या नाहीत. त्या एवढंच म्हणाल्या, "माझ्या हातानं घालवला मी ह्यांचा आवाज."

नाना उठले आणि त्यांच्या शेजारी जाऊन बसले. "वेडी की काय! आवाज अजून इथं आहे," म्हणून त्यांनी स्वतःच्या गळ्याला हात लावला. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "माइकवाले, तो दुसरा आहे ना दुकानात? मला आवडलेला? तो आणा उद्या. देवाच्या मनात माझंच ऐकायचं दिसतंय."

दसऱ्याला तो जाड माइक घेऊन गेलो. मी खटपट केली ती सगळी केली. नानांना जरा लांब बसवलं, खालचे सूर मिक्सरवर कमी केले, तरी आवाज फुगूनच येत होता. काकींना हेडफोन दिला तर त्यांनी हात मागे घेतला. त्या बाहेर जाऊन पानवेलीत बसल्या. नाना गायलाच तयार होईनात. म्हणाले, "ती समोर असली की मला नीट बोलता येतं. तिला आणा." विनय जाऊन घेऊन आला. त्या खाली मान घालून समोर बसल्या.

नाना आधी भजनं गायले. मग म्हणाले, आता गाणं पुरे. आणि ते आपल्या घरातल्या बोलीत बोलायला लागले. मला निम्मंच कळत होतं. काकींना पहिल्यांदा या घरात आणलं त्या दिवसाबद्दल काही होतं. कोणती वेल कोणी लावली ते होतं. विनयला लहानपणी दिलेल्या शिव्या होत्या, त्या तर मला पूर्ण कळल्या. मधेच त्यांनी नुसती बायकोला हाक मारली. वाडीच्या दुसऱ्या टोकाहून मारतात तशी, लांबवून. काकींनी "ओ" दिली. ती ओसुद्धा रेकॉर्ड झाली. शेवटी घसा साथ देईना तेव्हाच नाना थांबले.

ऑपरेशन नीट झालं. नाना वाचले. मी दोनदा फळं घेऊन हॉस्पिटलात गेलो. पण तो आवाज बिघडला, ही गोष्ट मला आत कुठेतरी सलत राहिली. ज्या बाईनं एका शब्दावर नवरा ओळखला होता, तिच्या वाट्याला आम्ही कोणी परका पाहुणा रेकॉर्ड करून ठेवला होता! दिवाळीनंतर नवा माल आला तेव्हा ते खोकं मी कितीतरी वेळ उघडलंच नाही. आता त्याच्यासमोर कोणाला बसवणार?

पुढे तीनचार वर्षांनी निर्मळच्या यात्रेचं काम करून परतताना मी भुईगावला वळलो. वाडीच्या दारातच थबकलो. आतून नानांचा आवाज येत होता! मग लक्षात आलं, सीडी. ओसरीवर काकी पानांच्या कवळ्या बांधत होत्या, शेजारी प्लेअर चालू. नाना झोपाळ्यावर, गळ्यात स्वच्छ पांढरा रुमाल, तब्येत चांगली. मला बघून दोन्ही हात वर केले.

"रोज चालू असतं बघा," काकी म्हणाल्या. "ह्यांनी कंटाळून बंद केलं की मी परत लावते."

चहा झाला. मनात होतं ते मग माझ्या तोंडून बाहेर पडलंच. "काकी, मला कायम वाईट वाटतं. आवाज त्या माइकनं फार जाड केला. नानांचा खरा आवाज काही आला नाही."

काकींनी पानं खाली ठेवली आणि माझ्याकडे अशा बघत राहिल्या की जणू मी पिऊन आलोय.

"जाड कुठे?" त्या म्हणाल्या. "हे असेच तर बोलायचे."

म्हटलं, अहो, तुम्हीच तर म्हणाला होतात, हे कोणी पाहुणे बोलतायत. तो तिसरा माइक तुम्हीच निवडला होतात.

"मी?" त्या खरोखरच गोंधळल्या. "असेल. मला नाही आठवत. पण माझा माणूस कसा बोलायचा हे मला माहीत नाही होय? अस्सा. हा अस्साच."

मी नानांकडे पाहिलं. झोपाळा थांबला होता. त्यांचे खांदे हलत होते. आधी मला वाटलं ठसका लागला. पण ते हसत होते, तोंड उघडून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत, काहीही आवाज न करता. त्यांनी एका हातानं प्लेअरकडे बोट केलं आणि दुसऱ्या हातानं स्वतःच्या छातीवर थोपटलं. हा मी, म्हणत होते ते. पहिल्या दिवशी हेडफोन लावून म्हणाले होते तसं. सगळ्या आयुष्यात त्यांच्या डोक्याच्या आत घुमत राहिलेला तो आवाज, जो बायकोनंही कधी ऐकला नव्हता, तोच आता तिला त्यांचा म्हणून आठवत होता. बाहेरचा, तिच्या ओळखीचा आवाज जगात कुठेच उरला नव्हता. तिच्यातसुद्धा नाही.

हे चांगलं झालं की वाईट, मला आजतागायत सांगता येत नाही.

"हसताय काय?" काकी नानांवर डाफरल्या. "मी काय खोटं बोलतेय?"

नानांनी डोळे पुसले आणि जोरजोरात मान हलवली. नाही, नाही. अजिबात खोटं नाही.